किंचित तिरका लाल

आमच्या बाबांनी बिबवेवाडीतल्या घरातल्या एका खोलीत आयुष्यभर लग्नपत्रिका छापल्या. गणपतीचा लाल रंग आणि त्याची सोनेरी कड यांच्यात केसाएवढी फट दिसली, की गठ्ठा रद्दीत. गिऱ्हाईक "चालतंय हो" म्हणालं, तर म्हणायचे, "तुम्हाला चालत असेल. मला नाही."

आता त्याच खोलीत मी माझी चित्रं छापते. निळ्या रेघा, त्यांवर तितक्याच लाल रेघा, पण किंचित तिरक्या. तेवढ्यानं कागदावर लाटा उठतात आणि नजर फिरेल तशा सरकतात. आई गेल्यापासून बाबा नुसते खुर्चीत बसून असायचे. म्हणून माझ्या प्रदर्शनाच्या, निळ्या रेघा छापलेल्या पंधरा कागदांवर लाल रंग चढवायचं काम त्यांना दिलं आणि मी येरवड्याला फ्रेमवाल्याकडे गेले. निघताना पाहिलं, बाह्या सरसावून ते शाई घोटत होते. इतकं बरं वाटलं!

परत आले तर पंधराही कागद दोरीवर वाळत होते. लाल बरोब्बर निळ्यावर. एकही लाट नाही.

"अहो बाबा, हे काय केलंत?"

"कागद लावायच्या तुझ्या खुणा तिरक्या होत्या. सरळ केल्या. आभार नकोत."

माझं डोकंच फिरलं. "ही काय लग्नपत्रिका आहे?" मी ओरडले. बाबांनी शाई ओढायची रबरी पट्टी धुतली, पुसली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. दोन दिवस त्या खोलीकडे फिरकले नाहीत. प्रदर्शन गेलं खड्ड्यात, मला ती खुर्ची बघवेना.

तिसऱ्या दिवशी मी आधी छापलेला लाटांचा नमुना त्यांच्यासमोर धरला. बघता बघता त्यांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. "अगं, हे हलतंय की!"

"सरळ केलं की थांबतं."

"मग हे आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"चुकलं माझं. चला ना, पुन्हा छापू."

आले. नव्या कागदांवर निळ्या रेघा छापून झाल्या. लाल रंगासाठी खुणा मी तिरक्या लावल्या, पण कागद ठेवताना त्यांची बोटं तो सरळच करायची. तीनदा तसंच झालं.

"मुद्दाम वाकडं लावायला हात तयारच होत नाही गं," ते हळू आवाजात म्हणाले. "तू धर."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून कागद तिरका सरकवला. पाच-सहा कागदांनंतर त्यांना एकट्याला जमलं असतं. पण पंधरावा होईपर्यंत त्यांनी हात काढून घेतला नाही, आणि मीही नाही.