आधी तंबोरा

नाव माडीच्या खिडकीला लागली आणि माझ्या धाकट्या बहिणीने, मालूने, आधी तंबोरा नावेत दिला. पुराचं पाणी खिडकीच्या हातभर खाली आलं होतं. नावाडी ओरडला, "मावशी, त्यो हितंच ठेवा, म्हंजे दोघीबी बसतासा. न्हायतर एकीचीच जागा हाय."

मालूने माझ्याकडे बघितलं. "आक्का, तू मागच्या नावंनं येतीस का? तुला पवायला येतंय."

"येतो की. जा तू," मी म्हटलं. तंबोऱ्यापुढे माझा नंबर कधी लागला नव्हता. त्या दिवशी तरी लागेल, असं वाटलं होतं.

मालू बंदिशी बांधायची. शब्द तिचे, चालही तिची, आणि रागात नीट बसवलेली. पुण्या-मुंबईचे गवई आज त्या गातात. आमच्या वडिलांना आम्ही दोघीच, आणि दोघींचाही गळा चांगला होता. चौथी झाल्यावर वडिलांनी मला शाळेतून काढून म्हशींमागे लावलं आणि मालूला मिरजेला गाणं शिकायला पाठवलं. म्हणाले, "थोरलीच्या हाताला म्हस दूध देती." माझ्या गळ्याचं कुणी नाव काढलं नाही. तो तंबोरा तिच्या मिरजेच्या गुरूंनी दिलेला. तिने लग्न केलं नाही. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले, तेव्हा माझ्या जुन्या खोलीत तंबोरा गवसणी घालून उभा होता. मी स्वयंपाकघरात झोपू लागले.

तिची एक रीत होती. मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, सुचला की ती गोठ्यात यायची. मी धार काढत असायचे. चरवीत दूध पडतं त्या लयीवर ती मुखडा म्हणून बघायची. म्हशीने पान्हा चोरला की म्हणायची, "फसलं. मोडतो ह्ये." दूध नीट उतरलं तर मुखडा ठेवायची. "टाळ्या माणसं कशालाबी वाजवत्यात, आक्का. म्हस खोटं बोलत न्हाय."

एकदा मी म्हटलं, "म्हस माझ्या हातानं पान्हा सोडती. तुझ्या गाण्यानं न्हवं."

"मग तुझा हातच लबाड हाय की," म्हणून ती हसत निघून गेली.

संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला पैलवान यायचे. तेही पेला हातात धरून तिचं ऐकत उभे राहायचे. दूध माझं होतं.

तिने गुरूंवर बंदिश बांधली, आईवर बांधली. जोतिबाच्या गुलालावर आणि गगनबावड्याच्या धुक्यावर बांधली. आमची चंद्री म्हैस मेली, तेव्हा तिच्यावरही बांधली, आणि ती ऐकून लोकांनी डोळे पुसले. चंद्रीला मी वाढवलं होतं. मग मी विचारलंच, "चंद्रीवर हाय, आन् माझ्यावर का न्हाय?"

ती तंबोरा जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, "तू समोर हाईस की. समोर न्हाय त्याच्यावर बांधायची असती."

"म्हंजे मी मेल्यावर बांधणार व्हय?"

"आधी मर तरी."

दोघी हसलो. मी मनापासून हसले नाही.

तर त्या दिवशी ती तंबोरा मांडीवर घेऊन गेली. गल्लीच्या वळणावर पाण्यात बुडालेल्या भिंतीला नाव धडकली आणि कलंडली. आमच्या खिडकीतून ते वळण दिसत नाही. मला नुसता आरडाओरडा ऐकू आला. पुढचं मला नावाड्याने सांगितलं. मान खाली घालून सांगितलं.

"म्या पत्र्यावर चढलो आन् म्हटलं, मावशी, हात द्या. त्यांनी तंबोरा पुढं केला. त्यो घेतला, पत्र्यावर ठेवला, आन् वळून बघतोय तर मावशी न्हाईत."

पाणी उतरल्यावर मालूची एक शिष्या भेटायला आली. मी तिला सरळ विचारलं, "हिनं माझ्यावर काही बांधलं होतं का?"

"नाही, आक्का," ती म्हणाली. "पण लय शिकवताना बाई नेहमी म्हणायच्या, आक्काची धार पडती तशी पडू दे."

"मग ते गाण्यात घालायला काय झालं होतं?"

निघताना तिने तंबोरा नेऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. तो त्याच खोलीत उभा आहे. आता मीही तिथेच झोपते. त्याच्या तारा उतरल्यात, आणि त्या मला जुळवता येत नाहीत.

त्या नावेतली बाकीची माणसं पोहून निघाली. तंबोरा वाचला. आणि मागच्या नावेतून आलेली मी वाचले.