पाचापर्यंतचा श्वास

माझा स्वभाव पहिल्यापासून मास्तरणीचा. चूक दिसली की बोट पुढे होतं, मग समोर पोरगं असो नाहीतर नवरा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला. पुढे पुढे शिकवणं कमी आणि मोबाइलवर माहिती भरणं जास्त, असे दिवस आले तेव्हा मी पार कोलमडले. डोकं ठणकायचं, बिचाऱ्या पोरांवर उगाच खेकसायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून बारामतीला दर रविवारी योगाच्या वर्गाला जायला लागले. खोटं कशाला बोलू, त्या वर्गानं मला माणसात आणलं. डोळे मिटून सावकाश श्वास सोडला की खांद्यावरचं ओझं उतरायचं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी. पळसदेवला आमच्या वस्तीजवळच्या मारुतीच्या सभामंडपात बायकांचा वर्ग सुरू केला. कुणाची मान आखडली की खोल श्वास, कुणाचं सुनेशी वाजलं की खोल श्वास. बायकाही हसत करायच्या. माझ्या घरात मात्र असा एकच विद्यार्थी होता ज्याला ते जमायचं नाही, माझा नवरा.

त्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी फार मागे गेलं होतं. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं, आणि आमच्या मोटारीचा पाइप दर दोन-चार दिवसांनी पुढे सरकवावा लागायचा. शेडनेटमधली ढोबळी मिरची ऐन तोडणीला आलेली. हे पहाटेच गाळात उतरायचे, पाइप ओढायचे आणि घरी येऊन पायरीवर बसायचे. बोलता बोलता मध्येच थांबायचे. कपाळावर घाम असायचा.

"टेन्शन घेता तुम्ही," मी म्हणायचे.

"टेन्शन कशाचं? पाणी हाय तिकडं, आपला पाइप हाय हिकडं. एवढंच तर हाय."

माझा विश्वास बसला नाही. ज्याच्या पिकाचं पाणी रोज हातभर लांब जातंय, त्याला काळजी नसेल कशी? मग मी त्यांना गच्चीवर सतरंजीवर बसवायला लागले. चार आकड्यांत श्वास घ्यायचा, आठ आकड्यांत सोडायचा. मी आकडे मोजायचे. पाचाला त्यांचा श्वास संपायचा. सहाव्या आकड्याला ते तोंड उघडून हवा ओढायचे.

मला राग यायचा. वाटायचं, हे टंगळमंगळ करतायत. बायकोनं शिकवलेलं शिकायचं म्हणजे यांना कमीपणा वाटतोय. "सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या करतात आणि तुम्हाला जमत नाही?" असंही मी म्हटलं आहे. एकदा तर वर्गात पोरांना करते तसं गुडघ्यावर चापट मारून परत पहिल्यापासून करायला लावलं. ते हसले. "बाई, आमाला नापास करा की एकदाचं," म्हणाले. लाडात आले की ते मला बाईच म्हणायचे. आणि उठताना कधी कधी माझं मन राखायला म्हणायचे, "आज लई हलकं वाटलं बघ."

मी ते खरं मानलं. मला ते खरंच मानायचं होतं.

एका सकाळी ते बसले तेव्हा चेहरा उतरला होता. दोन आवर्तनं झाली आणि त्यांनी डोळे उघडले. छातीवर तळहात ठेवून म्हणाले, "हितं कुणीतरी गुडघा रोवल्यागत वाटतंय गं."

मी म्हटलं, "तिथंच तर टेन्शन साठतं. तिथंच श्वास न्या. घाई करू नका."

त्यांनी ऐकलं. शहाण्या मुलासारखे डोळे मिटून आणखी दहा मिनिटं बसले. मग चहा घेतला आणि शेडनेटकडे गेले. मी डबा भरून शाळेत गेले. दुसरा तास चालू असताना फोन आला. मिरची तोडणाऱ्या बायकांनी त्यांना सरीत पडलेलं पाहिलं होतं. इंदापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहा दिवस माणसं येत होती. प्रत्येकाचं एकच: "बाई, तुमी तर योग शिकवताय, तुमी खचू नका. लांब श्वास घ्या." एका पाहुणीवर मी एवढ्या जोरात ओरडले की ती चहा तसाच ठेवून उठली. लोकांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय. मला माझाच राग आला होता, आणि तो काढायला घरात कुणी उरलं नव्हतं.

वर्षभर मी सभामंडपाकडे फिरकले नाही. मग बायकाच घरी येऊन बसल्या, म्हणून पुन्हा सुरू केलं. आसनं शिकवायची, श्वासाचं काही सांगायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं होतं.

त्यातच एका सकाळी एक मासे विकणारी बाई वर्ग संपल्यावर मागे थांबली. नवरा धरणात जाळी टाकतो, ही भिगवणच्या बाजारात बसते. म्हणाली, "बाई, छाती धडधडतीय. श्वास पुरत न्हाय. काय करू?"

मी तिला चपलाही नीट घालू दिल्या नाहीत. शाळेला जायची माझी छोटी गाडी काढली आणि थेट बारामती गाठली. वाटेत ती घाबरून म्हणत होती, "अवं एवढं काय न्हाय बाई, मासळी तशीच पडलीय घरी." मी ऐकलं नाही. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते. हसून म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. घरात काही काळजी आहे का?" तिच्या धाकट्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली होती. ते ऐकून डॉक्टर म्हणाले, "मग बरोबर. टेन्शन आहे. जरा योगा करा, लांब श्वास घ्या."

ती सुटल्यासारखी हसली. मला तिचा राग आला. हिचं दुखणं खोटं निघावं आणि त्यांचं खरं, हा कुठला न्याय? एवढा वाईट विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. मी बाकावर बसले आणि हमसून हमसून रडले.

"अवं बाई, रिपोट चांगला हाय न्हवं? मग तुमी का रडताय?"

तेव्हा मी सांगितलं. गुडघा रोवल्यागत वाटतंय असं ते म्हणाले होते, आणि मी काय उत्तर दिलं होतं, हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. गाडी दारात होती, बारामती तासाभरावर होती, मी नुसतं 'चला' म्हणायचं होतं, तेही सांगितलं.

ती गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत राहिली. 'तुमची काय चूक, बाई' एवढं तरी ती म्हणेल, म्हणून पळसदेव येईपर्यंत मी वाट पाहिली.