कोऱ्या शालूची घडी

थेरगावात आमच्या दारासमोर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण बसायची. एकदा एक अनोळखी बाई तिच्यापुढे कोरा शालू घेऊन आली. हकिकत तिनंच कोरडेपणानं सांगितली. नवरा स्कूटरच्या कारखान्यात, तरी होणाऱ्या जावयाला कबूल केलेल्या स्कूटरचा प्रतीक्षायादीत नंबर लागेना. स्कूटरशिवाय व्याह्यांची अब्रू मांडवात येईना. लग्न मोडलं आणि मुलीनं विहीर जवळ केली.

“घडी न मोडलेला नवरीचा शालू मी न्हाई घेत, बाई,” बोहारीण म्हणाली.

बाईनं शालू उलगडला, आपल्या विटक्या लुगड्यावरून पांघरला, क्षणभर उभी राहिली आणि पुन्हा घडी घातली.

“घे. झाला जुना.”

घासाघिशीवर जगणाऱ्या बोहारणीनं सर्वांत मोठं पातेलं पुढं केलं.

“धाकटं दे,” बाई म्हणाली. “आमी आता दोघंच हाय.”