थापट्या दिसत नाही

माझे सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. पस्तीस वर्षं अंधारात लोंबकळून काम केल्यावर माणसाला उघड्यावर बसावंसं वाटणारच. निवृत्त झाल्यावर ते शहराच्या कडेच्या पाणथळीवर पक्षी बघायला जाऊ लागले. थंडीत रोज पहाटे कानटोपी, दुर्बीण आणि कुत्रा.

कुत्र्याचं नाव थापट्या. पसरट चोचीचं एक बदक हिवाळ्यात तिथे येतं, त्याला थापट्या म्हणतात. याचं नाकाड अगदी तसंच, म्हणून सासूबाईंनी हौसेनं ठेवलेलं नाव. त्या गेल्यापासून बाबा माझ्याशी 'मीठ दे' आणि 'दिवा घालव' एवढंच बोलायचे. बाकी सगळं थापट्याशी. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

त्यांचा गुडघा धरला होता म्हणून त्या रविवारी मीही सोबत गेले. धुकं असं की चार पावलांवरचं दिसेना. दुर्बिणीची काच पुसायला बाबांनी कुत्र्याची दोरी बुटाखाली दाबली. काच स्वच्छ झाली आणि कुत्रा गायब!

हाका मारमारून दोघांचा घसा बसला. ना चाहूल, ना भुंकणं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'थापट्या दिसत नाही. कुणाला दिसला तर ताबडतोब कळवा.'

उत्तरं धडाधड आली. 'काल पश्चिम काठावर बासष्ट होते.' 'नर हवा की मादी?' एका मास्तरांनी तर बदकाचा फोटोच टाकला.

"अरे, माझा कुत्रा हरवलाय, गाढवांनो!" बाबा फोनवरच ओरडले. मी ते टाइप करून पाठवलं, गाढवं वगळून.

मग मात्र सगळे दुर्बिणी गळ्यात टाकून शोधायला धावले. पाऊण तासाने ग्रुपमधल्या नर्सबाईंचा फोन आला, "लाकडी पुलाखाली आहे. दोरी मुळांत अडकलीये. अगदी गप्प बसलाय बिचारा."

गप्प बसणारच. पाण्याजवळ भुंकायचं नाही, हे बाबांनीच सहा महिने खपून त्याला शिकवलं होतं.

माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी तर चिखलातच फतकल मारली आणि त्याला कवटाळलं. "मला वाटलं संपलं सगळं," ते म्हणाले. "आता बोलायचं कुणाशी?"

"का? मी काय भिंत आहे?" माझ्या तोंडून गेलंच. "त्याला काय कळतं तुमचं बोलणं?"

"कळत नाही म्हणून तर! तुझ्यापाशी हिचा विषय काढला की तू रडतेस."

"रडेन की," मी म्हणाले. "तुम्ही बोला."

घर येईपर्यंत बाबा बोलत होते. मी रडलेच, पण ते थांबले नाहीत.