वळणाआधीची हाक

“सायकलीनंच खाल्लं त्याला,” आत्या म्हणाली.

मी ताकाचं भांडं घेऊन माजघराच्या दाराशी आले होते, ती तिथंच थांबले. अण्णाकाकांचे दिवस आटोपले होते, बाहेरगावचे पाहुणे परतले होते आणि घरची माणसं जेवणानंतर जरा टेकली होती. आत्या ही बाबांची आणि काकांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा धाकट्या काकांना तिनंच वाढवलं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. “पहिल्यापासून छाती नाजूक त्याची,” ती पुढं म्हणाली, “आणि हिंडायचं कुठं, तर घाटात! आता ही कमल त्याच वाटेनं चाललीय. नाना, ऐक माझं. ती तिची सायकल आधी घराबाहेर काढ. पोरीचं लग्न व्हायचंय.” बाबा काही बोलले नाहीत. आमच्या घरात बाबांचं न बोलणं म्हणजे होकार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी दारात उभी होते आणि माझ्याबद्दलची गोष्ट माझ्यासमोर ठरत चालली होती...

काका भोरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न त्यांनी केलं नाही. रविवार आणि सुट्ट्या सायकलीसाठी राखून ठेवलेल्या. मी मावशीकडे राहून पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकले आणि मॅट्रिक होऊन भोरला परतले, तेव्हा मला इथं फार परकं वाटायचं. शाळेत प्रत्येक गोष्ट ‘मे आय’नं सुरू व्हायची. वर्गात येऊ का, पाणी पिऊ का, बोलू का... परवानगी मिळेपर्यंत हात बांधून उभं राहायचं. ती सवय अंगात इतकी भिनली होती, की घरीसुद्धा मी पंगतीत मीठ मागत नसे. बायका म्हणत, इंग्रजी शिकून शिष्ट झाली. शिष्ट नव्हते, बुजरी होते. काकांनी मला कधी ‘बोलत का नाहीस’ असं विचारलं नाही. त्यांनी पुण्याहून एक जुनी लेडीज सायकल आणवली आणि उत्रोलीच्या रस्त्यावर भातखाचरांच्या मधोमध मला तिच्यावर बसवलं. पडलीस तर चिखलात पडशील, हाड मोडायचं नाही, एवढंच आश्वासन. मी पडले, दोनदा. बांधावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काकाही हसले, पण मला उठवायला आले नाहीत. तिथं उभ्या उभ्या सायकलची साखळी न्याहाळत राहिले, जणू पडली ती सायकल, मी नव्हेच!

हळूहळू आमचे रस्ते लांबत गेले. आधी भोंगवली, मग नसरापूरवरून विंझर. काकांची हिंडण्याची रीत इतरांहून वेगळी होती. चढ आला की ते उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे. एकदा एका गाडीवानानं विचारलं, “मास्तर, तुमी सायकलीवर हाय का सायकल तुमच्यावर?” काका म्हणाले, “पाळीपाळीनं.” विंझरला एका दुकानासमोर आम्ही भेळ खात बसायचो आणि काका तोरण्याकडे बघत राहायचे. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला याचं फार कोडं होतं. “मास्तर, काम काय काढलं हितं?”

“काही नाही. तुमचा डोंगर बघायला आलो.”

“आमी रोज बघतो की. काय बी न्हाई त्यात.” मग थोडा विचार करून तो म्हणाला, “आज जरा बरा दिसतोय खरा.”

वरंधा घाट उतरून कोकणात जायचं आणि समुद्र बघायचा, हे काकांच्या मनात कधीपासून होतं. मलाही नेणार होते, पण एका अटीवर. घाटाच्या आंधळ्या वळणावर समोरून येणारी बैलगाडी दिसत नाही, आणि सायकलची घंटी ऐकू जात नाही, कारण बैलांच्या गळ्यात त्यांच्याच घंटा वाजत असतात. म्हणून वळणाच्या आधी हाक मारायची. चढून येणारा गाडीवान ती ऐकून बैल डोंगराच्या अंगाला घेतो आणि उलट हाक देतो. घाटातली सगळी माणसं असंच करतात. प्रश्न एवढाच होता, की माझा आवाज पंगतीतल्या मिठापर्यंतही पोचत नव्हता.

सराव हिर्डोशीच्या अलीकडच्या एका उतारावर सुरू झाला. काका वळणापलीकडे जाऊन ओढ्यावरच्या मोरीवर बसायचे आणि माझी हाक ऐकू येते का बघायचे. बरेच रविवार ती आलीच नाही. मग एके सकाळी मी सगळा जीव एकवटून ओरडले, आणि तोंडून निघालं काय, तर “येऊ का ऽ?”

वळणामागून खरीच एक गाडी चढत होती. गाडीवानाचा खणखणीत आवाज आला, “या की बाई! पाट मांडलाय, बसा जेवायला!”

काका इतके हसले, की मोरीच्या कठड्याला धरून बसले. मी लाजेनं लाल होऊन सायकल हातात धरून पोचले, तेव्हा ते डोळे पुसत म्हणाले, “अगं, तू विचारलंस आणि तो नको म्हणाला असता, तर? भर उतारावरून माघारी जाणार होतीस?” मी सायकल मोरीला टेकवली. “नुसतं ‘आले’ म्हण,” ते म्हणाले, “आलीच आहेस ना!”

त्या थंडीत आम्ही घाट उतरलो. माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी काकांनी ऐनाची एक फांदी दोरीनं सायकलच्या मागं बांधली, म्हणजे ती जमिनीला घासत येते आणि ब्रेक तापत नाहीत. झालं असं, की जवळच चरणाऱ्या धनगरांच्या शेळ्या त्या पाल्यामागं धावत सुटल्या. त्यांची मालकीण काठी घेऊन मागून ओरडत आली, “ओ दादा! माज्या शेळ्या कुठं न्हेताय कोकणात?” काकांना थांबून फांदी बदलावी लागली. मग एकेक वळण येत गेलं आणि मी ओरडत गेले, “आले हो ऽ!” खालून कधी “गाडी हाय ऽ” असा जबाब यायचा, कधी नुसताच डोंगर माझा आवाज परत करायचा. इतक्या मोठ्यानं मी जन्मात कधी बोलले नव्हते, आणि कुणी रागावलं नाही. गाडीवान बैल बाजूला घ्यायचे, बस्स!

महाडला काकांच्या मित्राकडे मुक्काम करून, चढउतार पायी पार करत आम्ही बाणकोटच्या खाडीशी पोचलो. पुढं समुद्र. काकांनी सायकली वाळूत नेऊ दिल्या नाहीत, खारं वारं लोखंडाला बाधतं म्हणून. एका घरून खोबरेल मागून आणलं आणि दोन्ही साखळ्यांना चोळत बसले. घरची बाई म्हणाली, “मास्तर, डोक्याला लावायचं तेल ते!” काकांनी टोपी काढून आपलं टक्कल दाखवलं. मग आम्ही बराच वेळ पाण्याकडे बघत बसलो. तेवढ्या गप्प बसण्यात मला जी सोबत मिळाली, ती फार कमी माणसांच्या बोलण्यात मिळाली आहे.

पुढं लढाईमुळे टायर मिळेनासे झाले, तेव्हा काका जुन्या टायरचे तुकडे आतून लावून काम भागवायचे. त्यांची छाती नाजूक आहे, हे मला ठाऊक होतं. लहानपणच्या तापानं ती तशी झाली होती. चढावर उतरून चालणं हे त्यासाठीच होतं, आणि ते त्यांनी कधी दुखणं म्हणून दाखवलं नाही. डॉक्टर बाबांना म्हणाले होते, की हा माणूस इतकी वर्षं हिंडताफिरता राहिला, याचंच मला नवल वाटतं. शेवटच्या आजारात मी सायकल ठेवून त्यांच्या उशाशी बसून होते. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, “आज कुठं जाऊन आलीस?”

“कुठंच नाही. तुम्ही असे असताना...”

“मी काय रस्त्यात आडवा पडलोय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्रोलीपर्यंत जाऊन आले आणि पाहिलेलं सगळं त्यांना सांगितलं. भाताची झोडणी चालली आहे, रस्त्यावर पेंढा पसरलाय, एक कुत्रं लांबवर मागं लागलं. ते डोळे मिटून ऐकत होते. “पेंढा ओला असला की उतरून चालावं,” एवढंच म्हणाले. मग रोज तसंच. मी जायची, यायची आणि सांगायची. इतकं सलग मी कुणाशी कधी बोलले नव्हते. बोलता बोलता कधी ते झोपी जात, तरी मी वाक्य पुरं करायची...

हे सगळं त्या दुपारी दारात उभी असताना मनात आलं. आत्याचा राग आला नाही. हातांनी वाढवलेला भाऊ गेला होता, कशावर तरी दोष ठेवल्याशिवाय तिला घास गिळवत नव्हता. डॉक्टर काय म्हणाले ते तिला सांगून उपयोग नव्हता. तिला ते ठाऊकच होतं. बाबा उपरण्याचं टोक चाळवत म्हणाले, “तूर्त माडीवर टाकू सायकल. पुढचं पुढं बघू.” आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घेतली. मी आत गेले, ताकाचं भांडं आत्याच्या पुढ्यात ठेवलं आणि उभी राहिले. आवाज निघाला तो माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता, पण आता तो आवरायचं कारण मला दिसेना.

“बाबा, उद्या सकाळी मी सायकलनं विंझरला जाणार आहे. जेवायला माझी वाट बघू नका.”