शिव्या घालायला पत्ता

मीटरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी विजेचा मीटर शोधत. बूट काढणं, कोट टांगणं, यजमानांची विचारपूस, हे सगळं नंतर. जिन्याखालचं कपाट उघडायचं, व्हॅक्यूम क्लीनर आणि छत्र्या बाजूला सारायच्या, चष्मा कपाळावर चढवायचा आणि नाडी बघावी तसं मीटरकडे बघत उभं राहायचं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी बटाटेवडे तळत होते. कपाटातून आवाज आला, “अगं नीला, चकती फार जोरात पळतेय. वरच्या मजल्यावर कुणीतरी हीटर चालू ठेवून विसरलंय.”

खरंच विसरलं होतं. माझा नवरा. त्या दिवसापासून तो काकांना टाळायला लागला आणि मी त्यांना मुद्दाम बोलवायला लागले.

काका म्हणजे आमच्या सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या दवाखान्यातल्या, डॉक्टर शिरीषचे वडील. मी त्या सर्जरीची प्रॅक्टिस मॅनेजर होते. साउथ वेल्समधलं आमचं खोरं एकेकाळी कोळशाचं. आम्ही पोचलो तोवर खाणी बंद झाल्या होत्या, उरला होता तो फक्त खोकला. त्या खोकल्यासाठी डॉक्टर लागत, म्हणून आमच्यासारखी चार मराठी घरं तिथे रुजली. काकू गेल्यावर शिरीषने वडिलांना साताऱ्याहून उचलून आणलं. सबंध आयुष्य वीज मंडळात काढलेल्या माणसाला त्याने एक उबदार खोली दिली, मोठा टीव्ही दिला, आणि करायला काही म्हणजे काही दिलं नाही.

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “शिव्या घालायला पत्ता पाहिजे.” वीज कुणाच्या मालकीची असावी, या प्रश्नावर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. “लाइट गेले की लोक माझ्या दारात यायचे. एकदा तर मी जेवत असताना आले. मी ताटावरून उठलो, आधी शिव्या खाल्ल्या, मग फ्यूज बदलायला माणूस पाठवला. इथे शिरीष फोन करतो, तर अर्धा तास पिपाणी ऐकवतात आणि मग एक पोरगी त्याची जन्मतारीख विचारते. या पोरीला शिव्या घालून काय उपयोग?”

पण त्यांच्या मनात एक जुनी बोच होती, ती मला बऱ्याच उशिरा कळली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत साताऱ्याकडच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या. “पाती कंपन्यांची, वारा गावावरून जाणारा, आणि खाली शाळेत लोडशेडिंग. हेडमास्तर मला विचारायचे, साहेब, वर फिरतंय ते काय आहे? मी सांगायचो, ते आपलं नाही.” एवढं बोलून ते गप्प बसत. काका गप्प बसले की काहीतरी गंभीर आहे असं समजायचं.

म्हणून आमच्या गावाच्या डोंगरावर पवनचक्की उभी करायला एक कंपनी येणार आहे, हे कळलं तेव्हा काकांनी टीव्ही बंद केला तो कायमचाच. गावातल्या काही लोकांच्या मनात होतं की कंपनीऐवजी गावानेच संस्था काढावी आणि आपली एकच, पण स्वतःची पवनचक्की लावावी. त्यांचा पुढारी डेव्ह. पूर्वीचा खाणकामगार, कपाळावर कोळशाचा निळा व्रण. पहिल्याच सभेत त्याची आणि काकांची जुंपली. काका म्हणाले, वीज सरकारची हवी. डेव्हला काकांचं आडनाव उच्चारता येत नसे; तो म्हणाला, “खाण सरकारचीच होती, मिस्टर के. माझा बाप सांगायचा, फाटकावर पाटी लावली होती, ही खाण आता जनतेची म्हणून. बंद करताना जनतेला कुणी विचारलं नाही.”

काकांनी विचार केला. “म्हणजे पत्ता फार लांबचा होता,” ते म्हणाले. “मग गावातलाच घ्या.” आणि संस्थेत दाखल झाले. मला सेक्रेटरी केलं, कारण काकांची पत्रं पाठवण्याजोगी नसत. “विथ रेफरन्स टू युअर अबव्ह-सायटेड लेटर” अशी सुरुवात आणि “काइंडली डू द नीडफुल” असा शेवट. मध्ये तीन पानं. कौन्सिलमधल्या बाईंनी मला फोन करून विचारलं होतं, हे गृहस्थ आमच्यावर खटला भरतायत का?

शेअर घ्यायला गाव तयार होतं, कागद पुढे सरकत होते. अडलं होतं ते जागेवर. वारा लागतो तो डोंगरमाथा मिसेस प्रॉसरचा. बाई विधवा, मेंढ्या पाळणारी, एकटी आणि फटकळ. तिने जमीन कंपनीला दिली की आमची संस्था संपली. तिच्याकडे जायचं काम काकांनी स्वतःहून घेतलं, आणि काकांना गाडी येत नसल्यामुळे मीही गेले.

काकांनी आधी अर्थातच तिचा मीटर पाहिला. फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. “हा गाढवपणा कुणी केला?” काकांनी विचारलं.

“माझ्या नवऱ्याने,” मिसेस प्रॉसर म्हणाली. “देव त्याला शांती देवो. तीस वर्षं सांगत होते मी त्याला.”

मग चहा झाला. तिने केकची बशी पुढे केली. काका म्हणाले, “नो, नो, थँक यू.” तिने बशी उचलली आणि कपाटात ठेवली. जमिनीचं विचारल्यावर म्हणाली, “नाही.” आम्ही उठलो.

गाडीत बसल्या बसल्या काका भडकले. मला वाटलं जमिनीवरून. “काय बाई आहे! एकदा नको म्हटलं तर बशी उचलून ठेवते? सकाळपासून काही खाल्लं नव्हतं मी!”

“काका, इथे नको म्हणजे नको असतं.”

“असं कसं असेल? पहिलं नको म्हणजे नुसतं आलात, बसा. दुसरं म्हणजे ऐकतोय, बोला. तिसऱ्याला माणूस खरं काय ते सांगतो.” मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे तिचंही जमिनीचं पहिलंच नको झालंय. पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं?”

मी समजावून पाहिलं. मिसेस प्रॉसर मराठी नाही, तिच्या नकाराला मजले नसतात, हे नाना प्रकारे सांगितलं. काही उपयोग झाला नाही. पुढच्या शनिवारी काका इलेक्ट्रिशियनला घेऊन वर गेले, त्याच्या मागे उभं राहून फ्यूज बोर्ड बदलून घेतला, आणि पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी चकल्या घेऊन गेले. ती म्हणाली, “मिस्टर के, मी तुम्हाला दोनदा नाही म्हटलंय.” काका आनंदाने म्हणाले, “हो, मी मोजतोय.”

कंपनीचा माणूस तिच्याकडे एकदाच येऊन गेला होता. तिने विचार करते म्हटल्यावर तो सभ्यपणे निघून गेला आणि कागद पोस्टाने पाठवले. इंग्रजी शिष्टाचाराप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं. तो मराठी लग्नात पंगतीला बसला असता तर उपाशी उठला असता, इतकंच.

पाचव्या की सहाव्या शनिवारी मिसेस प्रॉसरने कागद टेबलावर आपटले. “कंपनी तुमच्यापेक्षा जास्त भाडं देतेय.”

“देणारच,” काका म्हणाले. मी टेबलाखालून त्यांना पाय मारला. त्यांनी पाय बाजूला घेतला. “पण तुमच्या डोंगरावरचं ते यंत्र रात्रंदिवस घरघरायला लागलं, तर तुम्ही फोन कुठे करणार?”

“नंबर दिलाय त्यांनी.”

“लावा बरं आत्ता.”

तिने लावला. पिपाणी वाजायला लागली. काका शांतपणे चकली खात बसले. बाई उभी, कानाला फोन, चेहरा हळूहळू लाल. चहा गार झाला तरी पिपाणी चालूच. शेवटी तिने फोन आदळला.

“आणि आमचा पत्ता,” काका म्हणाले, “डोंगर उतरलं की डावीकडे, निळं दार. मी घरीच असतो. यावं, दार ठोकावं, वाटेल ते बोलावं. सवय आहे मला.”

मिसेस प्रॉसरने कंपनीचे कागद बाजूला सारले. “हो म्हटलं तर शनिवारी यायचं थांबवाल?”

“छे, छे. मग देखभालीला यावं लागेल.”

तिने आमच्या कागदावर सही केली.

पवनचक्की उभी राहायला पुढे दोन हिवाळे गेले. उद्घाटनाच्या तयारीच्या सभेत चॅपलचा हॉल भरला होता. डेव्हने उभं राहून सांगितलं की मेन स्विच मिस्टर के यांनी दाबावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. टाळ्या झाल्या. काका उठले, हात जोडले आणि म्हणाले, “नो, नो, नॉट मी.”

“समजू शकतो,” डेव्ह म्हणाला. “आम्ही तुम्हाला अवघडवणार नाही. मग कौन्सिलरसाहेबांना विचारू या.” आणि वहीत लिहायला लागला.

मी काकांकडे पाहिलं. ते हसत होते, पण हात अजून जोडलेलेच होते. ते खाली कधी आणायचे हे त्यांना कळत नव्हतं. साताऱ्याच्या पठाराखाली ज्याने ‘ते आपलं नाही’ म्हणून सांगितलं होतं, त्या माणसाचा स्विच एका सभ्य माणसाच्या सभ्यपणामुळे हातचा जात होता. मी बोलणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला.

“डेव्हिड, मूर्खासारखा लिहीत बसू नकोस. त्याला पुन्हा विचार.” मिसेस प्रॉसर उभी होती. “तीनदा विचारायचं असतं. मला विचार, मी यातून गेलेय.”

डेव्हने पुन्हा विचारलं. काका म्हणाले, “नको हो, दुसरे कितीतरी आहेत.” हे मराठीतच. डेव्हने तिसऱ्यांदा विचारलं, जरा घाबरतच. काका म्हणाले, “एवढा आग्रह करताय तर ठीक आहे,” आणि पटकन खाली बसले.

उद्घाटनाच्या दिवशी काकांनी टाय बांधला, स्विच दाबला, आणि काहीही झालं नाही. डोंगरावर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. कौन्सिलर, शाळेची मुलं, मेंढ्या, सगळे वर बघत उभे. काकांनी माझ्याकडे वळून समाधानाने सांगितलं, “लोडशेडिंग! आता कसं घरच्यासारखं वाटतंय.” पाती दुपारी फिरली. तोवर मिसेस प्रॉसरने त्यांना चारचौघांत यथेच्छ बोलून घेतलं होतं, आणि काका ते सणाचं जेवण असल्यासारखं ऐकत होते.

वर्षभराने शिरीषला केंब्रिजला नोकरी लागली. काका तिथे सहा महिने राहिले, मग साताऱ्याला परत गेले. गाव सोडण्याआधी निरोप घ्यायला आम्ही डोंगरावर गेलो होतो. मिसेस प्रॉसरने केक पुढे केला. काका नको म्हणाले, तिने वाढला. पुन्हा नको म्हणाले, पुन्हा वाढला. चौथ्या तुकड्याला त्यांचं खरोखर पोट भरलं होतं. पण ती आता कशाला ऐकतेय?

काका वारल्याचा शिरीषचा फोन आला त्या आठवड्यात पवनचक्कीचा ब्रेक अडकला होता. दुपारी मिसेस प्रॉसरचा फोन. “सोमवारपासून तुमचा तो खांब नुसता उभा आहे. संस्था चालवता की झोपा काढता?” तिने मला दहा मिनिटं झोडपलं. तिचं संपल्यावर मी तिला काकांचं सांगितलं.

पलीकडे एक मेंढी ओरडली, मग दार लागल्याचा आवाज आला.

“वाईट झालं,” ती म्हणाली. “निळं दार आता कायमचं बंद झालं. आता कुणाला बोलायचं मी?”

“मला,” मी म्हटलं. “शनिवारी येतेच आहे.”

“नको,” ती म्हणाली. “उगाच कशाला.”

मी गाडीत पेट्रोल आहे का ते बघायला बाहेर गेले.