चाकांच्या बाजूने

कॉलेजच्या प्रदर्शनात वाळूच्या चौकोनात दोन यंत्रं उभी होती, एक सहा चाकांचं आणि एक चार पायांचं. परग्रहावर हिंडायला कोण बरं, हे दाखवायचं होतं. प्राध्यापक चाकांकडे बोट करून म्हणाले, "यांचा जमाना संपला. जरा उंच दगड आला की अडून बसतात. शेवटी पाय ते पाय!"

मी व्हीलचेअरवर बसून ऐकत होते. दहाच मिनिटांपूर्वी याच सरांनी मला न विचारता चौघांना बोलावून खुर्चीसकट तीन पायऱ्या वर चढवलं होतं. "सांभाळून, सांभाळून," हेही त्या चौघांना. माझ्याशी एक अक्षर नाही.

मंगळावर अशाच सहाचाकी यंत्रापुढे हातभर उंच दगड आला, तर पृथ्वीवरची हुशार माणसं डोकं लावून बसतात आणि त्याला दुसरी वाट काढून देतात. त्याची कीव कोणी करत नाही. इथे तीन पायऱ्यांवर एक फळी टाकायचं कोणाला सुचलं नाही.

मग पायवालं निघालं. पाचव्या पावलाला वाळूत रुतलं आणि उताणं पडलं, चारी पाय हवेत. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

सर धावले. मागोमाग तेच चौघे त्याला उचलायला वाकले. "सांभाळून, सांभाळून!"

सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "सर, आधी त्याला विचारा तरी."